साडेचार फूट

रामटेके सिस्टरचा फोन आला
तेव्हा मी दुसऱ्याच्या विहिरीत होतो,
जळलेली मोटर वर काढत.
"टिकाराम, पाणी हिरवं पडलं रे,"
असं म्हणाल्या, जशा तिकडे म्हणत असतील,
पेशंट पिवळा पडलाय.

मस्कतच्या दवाखान्यात सव्वीस वर्षं,
आणि परत येऊन घरामागे,
जिथं लोक वांगी लावतात, कोंबड्या ठेवतात,
तिथं निळ्या टाइलचा पोहायचा हौद.
गाव त्याला टाकं म्हणते.
काही जण, जरा आंबट तोंडाने, समुद्र.

गुडघ्यासाठी त्या चार महिने नागपुरात.
इकडे मोहाने आधी पानं टाकली, मग फुलं,
फुलं आंबली, बेडकांनी संसार मांडला.
गेलो तर पाणी कुठं होतं!
पालकाची पातळ भाजी.
हात घातला, मनगटापुढे माझाच हात मला दिसेना.

वॉकर बाजूला ठेवून त्या काठावर बसल्या.
आधी कचरा. मग भिंती घास. मग औषध.
"जखम न धुता मलम लावतोस काय?"
बेडकांची शेपटीवाली पोरं मी गाळणीने धरली,
तीन बादल्या झाल्या,
सायकलवर लटकवून गावच्या बोडीत सोडून आलो.
बोडीही हिरवीच. पण तिचं हिरवं
तिच्या अंगचं आहे, तिला कोणी दुखणं म्हणत नाही.

सकाळी अ‍ॅसिड. सिस्टरने सिरिंजमध्ये ओढलं,
डोळ्यासमोर धरून मोजलं.
पावडर मात्र दिवस बुडाल्यावर,
उन्हात टाकली तर ऊनच पिऊन टाकते.
"आणि दोघांची बादली वेगळी.
त्यांची भेट झाली, तर आपली दोघांची शेवटची."

थ्री फेज रात्री बाराला येते, आठला जाते.
तेवढा वेळ फिल्टर. मी वऱ्हांड्यात सतरंजीवर,
झोपेत पंपाचा आवाज ऐकत. थांबला की जागा.
वाळू उलटी धुतली की नळीतून हिरवं ओकायचं,
पपईच्या आळ्यात.

तिसऱ्या दिवशी पाणी पेजेसारखं झालं.
ना हिरवं, ना निळं.
कुंपणावरून शेजारचे तुकडूजी डोकावले,
"मेलं जी हे पाणी. माती टाका अन् वांगी लावा."
सिस्टर म्हणाल्या, ताप उतरताना घाम येतोच.

त्या रात्री लाइन आलीच नाही.
अंधारात, मी न विचारता, त्या बोलल्या.
आईची घागर कोणीतरी वरून भरायचं.
ओंजळभर उंचावरून, शिंतोडा न उडवता.
आई वाट बघत उभी, मी तिच्या लुगड्याला धरून.
विहिरीत पाणी किती खोल आहे,
हे मला वाकून कधी बघता आलं नाही.
मग म्हणाल्या, तुरटी किसून ठेवली का?

तुरटी टाकली. लाइन आली तरी पंप बंद.
काही करायचं नाही, हेच सगळ्यात अवघड.
मी दहादा बॅटरी मारून बघितलं,
दहादा शिव्या खाल्ल्या.

पहाटे तळ दिसला.
राखेसारखा गाळ, खाली निजलेला.
पाइप हळू, झाडू नाही, गाईच्या पाठीवरून हात फिरवावा तसा.
एक स्टीलचा पेला निघाला. एक हवाई चप्पल.
आणि तडा गेलेली टाइल, जी मीच बसवली होती
दोन वर्षांआधी, अन् बोललो नव्हतो.
सिस्टरने बघितली. त्याही बोलल्या नाहीत.

सातला भिंतीवर पोरं.
एक, मग चार, मग मोजणं सोडलं.
त्यात पाटलाचा नातू, चड्डी हातात,
उतरू की नको करत.
नाव सांगायला लागला, पूर्ण,
शाळेत हजेरीला सांगतात तसं.

"आडनाव राहू दे," सिस्टर म्हणाल्या,
"उंची सांग.
त्या टोकाला साडेचार फूट आहे.
अन् आधी पाय धू."

तो नळाखाली गेला.
खूप वेळ पाय धूत राहिला,
एवढे की मला मोटरच्या बिलाची आठवण झाली.